लग्नसराईत रेंडर अर्ध्यावर बंद पडतो? व्हीकोअर वाढवण्याआधी हे तपासा

एप्रिल लागला की दर्यापूर-अंजनगावकडच्या व्हिडिओ एडिटिंगवाल्यांचे फोन सुरू होतात. "भाऊ, हिवाळ्यात मस्त चालत होता, आता काहून बंद पडून रायला?" मशीन बहुतेक वेळा एकाच जातीची असते: रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जुनं ग्राफिक्स कार्ड आणि व्हिडिओ पाहून ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे वेग (क्लॉक) हाताने वाढवून ४.२ गिगाहर्ट्झवर बांधलेला प्रोसेसर. तक्रारही तीच. लग्नाचा लांबलचक व्हिडिओ रेंडरला, म्हणजे एडिटिंगनंतरची अंतिम फाइल बनवायला, लावला, निम्म्याच्या पुढे गेला आणि पीसी बंद. मग घरातलं एखादं हुशार पोरगं बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन व्हीकोअर, म्हणजे प्रोसेसरच्या कोअरला मिळणारं व्होल्टेज, १.३० चा १.३५ करतं. चार दिवस बरे जातात, पुन्हा तेच. मग १.४०.

रेंडर मध्येच बंद पडण्याची आपल्याकडे तीन मुख्य कारणं आहेत: उष्णता, घरात येणारी लाईन (वीज) आणि प्रोसेसरला खरोखर कमी पडणारं व्होल्टेज. व्हीकोअर वाढवून फक्त तिसरं दुरुस्त होतं. पहिल्या दोन्हींत तेच वाढवणं नुकसान करतं, कारण प्रोसेसरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्लॉक तोच ठेवून १.३० वरून १.४० केलं तर उष्णता साधारण १६ टक्क्यांनी वाढते. मे महिन्यात, त्या छोट्या मूळ कूलरवर, १६ टक्के कुठे जाणार?

आधी बंद पडण्याची तऱ्हा ओळखा

"बंद पडला" एवढं सांगून काहीच कळत नाही. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टम पाहा आणि बंद पडला त्या वेळेच्या लाल नोंदी शोधा.

कर्नल-पॉवर ४१ ही नोंद जवळजवळ प्रत्येक वेळी दिसते. तिचा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद झालं नाही. पुष्कळ जण ती पाहून थेट एसएमपीएस (पीसीचा वीजपुरवठ्याचा डबा) बदलतात, पण नुसत्या त्या नोंदीवरून काहीच सिद्ध होत नाही. तिच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या पडद्यावरच्या चुकीचा क्रमांक) शून्य असेल आणि सोबत दुसरी कुठलीच नोंद नसेल, तर वीज अचानक गेली, एसएमपीएसने हात टेकले किंवा अति उष्णतेने मशीन झटक्यात बंद झाली, या बाजूने विचार करायचा.

व्हिया-लॉगर (WHEA-Logger, विंडोजमधली हार्डवेअरच्या चुकांची नोंद) १८ असेल तर प्रोसेसरच्या आतच चूक झाली आणि ती सावरता आली नाही. १९ म्हणजे चूक झाली, पण सावरली. ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनवर ही १९ अधूनमधून दिसत असेल तर ती पुढच्या गोंधळाची आगाऊ सूचना समजा. निळ्या पडद्यावर व्हिया अनकरेक्टेबल एरर किंवा क्लॉक वॉचडॉग टाइमआउट आलं तर संशय व्हीकोअर कमी पडल्याचा. मेमरी मॅनेजमेंट आलं तर आधी रॅमकडे वळा, व्हीकोअरला हात लावू नका.

आणखी एक तऱ्हा आहे, ती सगळ्यात फसवी. मशीन बंद पडत नाही, एडिटिंगचं सॉफ्टवेअर तेवढं आपोआप मिटतं, किंवा तयार झालेल्या व्हिडिओत मधेच हिरव्या चौकटी दिसतात. ओव्हरक्लॉक काठावर असल्याची ही खूण असू शकते. गिऱ्हाइकाच्या हातात पेन ड्राइव्ह गेल्यावर हे कळलं तर वरातीचं शूटिंग पुन्हा होत नाही.

मग एकच चाचणी करा. बायोसमध्ये लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स दाबा, रॅमचं एक्सएमपीही (रॅम जास्त वेगावर चालवणारी तयार सेटिंग) बंद ठेवा आणि तीच फाइल त्याच वेळेला रेंडरला लावा. दुपारी तीनला बंद पडत असेल तर दुपारी तीनलाच. रात्री अकराला चाचणी घेऊन "आता चालतो" म्हणण्यात अर्थ नाही. डिफॉल्टवरही बंद पडला तर ओव्हरक्लॉकचा प्रश्नच संपला. उष्णता आणि लाईन पाहायची.

खोलीचं तापमान धरून हिशेब

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावून रेंडर चालू असताना प्रोसेसरचं तापमान बघा. समजा जानेवारीत रात्री खोली २० अंशांवर होती आणि प्रोसेसर ७८ वर स्थिरावत होता. म्हणजे कूलर त्याला खोलीपेक्षा ५८ अंश वर राखतोय. हा फरक खोली तापली म्हणून कमी होत नाही. मे महिन्यात बाहेर ४५ असताना पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ३८ अंश सहज असतात. ३८ अधिक ५८ म्हणजे ९६, आणि रायझन ३६०० ची कमाल मर्यादा ९५ आहे. जानेवारीत कोणी काही चुकीचं केलं नव्हतं. ती सेटिंग फक्त जानेवारीची होती.

प्रोसेसर ऑटोवर असतो तेव्हा मर्यादेजवळ आला की स्वतःच वेग उतरवतो, आणि पॉवरची ८८ वॅटची मर्यादाही पाळतो. क्लॉक आणि व्होल्टेज हाताने बांधून टाकलं की या पॉवर-मर्यादा बाजूला पडतात. शिवाय तोच वेग टिकवायला गरम चिपला थंड चिपपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे ७० अंशांवर १.२७५ मध्ये टिकणारी सेटिंग ९० वर गडगडते. मग माणूस व्होल्टेज वाढवतो, त्याने तापमान आणखी चढतं. एप्रिल-मेमधला सगळा गोंधळ या चक्रात आहे.

माझा नियम साधा आहे. हिवाळ्यात चाचणी घेत असाल तर पूर्ण लोडवर तापमान ७० च्या आसपास थांबलं पाहिजे. ऐन उन्हाळ्यात घेत असाल तर ८५ पर्यंत. त्याच्या वर गेलं तर क्लॉक उतरवा.

धुळीबद्दल वेगळं सांगायची गरज नसावी, पण सांगतो. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात रचलेल्या कापसाचे तंतू हीटसिंकच्या फटींत जाऊन नमद्यासारखे बसतात. वरून पंखा फिरताना दिसतो, खालून हवा जातच नाही. पंखा काढल्याशिवाय हा थर दिसत नाही. साफ करताना ब्लोअर अंगणात लावा आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं गरगर फिरू देऊ नका. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर पीसी नेणारे पुष्कळ आहेत. त्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि ते हवेबरोबर थेट बोर्डावर उडतं, म्हणून नका नेऊ. थर्मल पेस्ट तीन-चार उन्हाळे जुनी असेल तर बदलून टाका.

डेझर्ट कूलरने खोली थंड होते, त्याचा पीसीलाही फायदाच. फक्त पीसी त्याच्या झोतात ठेवू नये. खारपाणपट्ट्यातलं पाणी कूलरच्या जाळीवर पांढरे थर चढवतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. त्याच पाण्याचे तुषार उडून बोर्डावर सुकले तर क्षार तिथेही बसतात, आणि दमट हवेत हे क्षार वीज वाहतात.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मूळ कूलर वरून खाली हवा मारतो, त्यामुळे सॉकेटच्या बाजूचा व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारा बोर्डावरचा भाग, त्या हवेने थंड राहतो. तुम्ही उभा टॉवर कूलर किंवा पाण्याचा कूलर बसवलात की प्रोसेसरचं तापमान उतरतं, पण व्हीआरएमवर हवा येणं थांबतं. स्वस्त बी४५० बोर्डांवर त्याला हीटसिंकही नसते. मग प्रोसेसर ७२ अंश दाखवतो आणि तरीही रेंडर चालू झाल्यावर वीसेक मिनिटांनी वेग एकदम पडतो किंवा मशीन बंद होते. काही बोर्डांवर एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्हीआरएमचं तापमान दिसतं, काहींवर सेन्सरच नसतो. कॅबिनेटचं झाकण काढून टेबल फॅन त्या बाजूला वळवा. तेवढ्याने रेंडर पूर्ण झाला तर दोषी सापडला. नंतर आत एक छोटा पंखा कायमचा बसवून टाका.

लाईन

दिवसभर चालतो आणि संध्याकाळी सात ते नऊमध्ये बंद पडतो, किंवा शेताकडच्या थ्री फेजची पाळी आली की बंद पडतो, असं असेल तर बायोस उघडूच नका. मल्टिमीटर एसीवर ठेवून, रेंडर चालू असताना, ज्या बोर्डावर पीसी लावलाय तिथलंच व्होल्टेज मोजा. सवय नसेल तर वायरमनला बोलवा. २३० च्या जागी १७०-१८० दिसणं डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या घरांत नवलाचं नाही. पीसीला २५० वॅट हवेत तर तो ते ओढणारच. २३० वर त्यासाठी साधारण १.१ अँपिअर लागतात, १७० वर जवळपास १.५. एवढा जादा करंट स्वस्त एसएमपीएस फार वेळ झेलत नाही.

एसएमपीएसच्या स्टिकरवर इनपुट वाचा. १००-२४० लिहिलं असेल तर १७० त्याला चालतं. २००-२४० लिहिलं असेल तर तुम्ही त्याला रोज संध्याकाळी त्याच्या हद्दीबाहेर चालवताय. "४५० वॅट" हा मोठा आकडा पाहून घेतलेले हलके एसएमपीएस १२ व्होल्टच्या लाईनवर त्याच्या निम्मंही नीट देत नाहीत. ही १२ व्होल्टची लाईन ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवी. सॉफ्टवेअरमधल्या आकड्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका, चालू मशीनच्या मोकळ्या मोलेक्स कनेक्टरवर पिवळी आणि काळी वायर धरून डीसी मोजा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज शिल्लक राहू शकतो.

घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचा यूपीएस मोड निवडा. साध्या मोडमध्ये तो लाईनवरून बॅटरीवर यायला जास्त वेळ घेतो, आणि एसएमपीएस वीज गेल्यावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. ओव्हरक्लॉक केलेलं मशीन पूर्ण लोडवर असताना हीच झटापट हरतं आणि दोष व्हीकोअरवर जातो. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आणि चांगला ॲक्टिव्ह पीएफसीचा (करंट लाईनच्या लहरीशी जुळवून ओढणारा) एसएमपीएस यांचंही पटेलच असं नाही. लाईन असताना ठीक, बॅटरीवर आल्याबरोबर बंद, हे त्याचं लक्षण.

स्टॅबिलायझर घेताना हाय कट-ऑफ आहे का ते विचारा. वादळवाऱ्यात डीपीचा न्यूट्रल तुटला तर घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, आणि तेव्हा ओव्हरक्लॉकची चर्चा करायला मशीन उरत नाही.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात? एसएमपीएसच्या आतले फिल्टर कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर लाईनच्या निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, अगदी कमी करंटचं व्होल्टेज उभं राहतं. रेंडर बंद पडण्याचं हे थेट कारण नाही, पण टीव्ही किंवा कॅमेऱ्याची केबल चालू मशीनला जोडताना पोर्ट जळायला पुरेसं आहे. झटका जोराचा असेल तर मात्र वायरिंगमध्येच गळती असू शकते, तेव्हा आधी वायरमन. आपल्या काळ्या मातीचा त्रास असा की पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात, जमिनीला भेगा पडल्या की सैल होतं. खड्ड्यात कोळसा-मीठ भरलेलं असलं तरी उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहावं लागतं. थ्री पिनचा वरचा जाड पिन तोडून टू पिनमध्ये घुसवणाऱ्यांबद्दल मी काय बोलू.

आता व्हीकोअर

उष्णता आणि लाईन दोन्ही ठीक निघाली, डिफॉल्टवर रेंडर पूर्ण होतोय, आणि ओव्हरक्लॉक लावला की व्हियाची नोंद किंवा निळा पडदा येतोय. आता व्होल्टेजला हात लावायची वेळ आली.

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढतो. ऑटोवर ठेवलं की एचडब्ल्यूइन्फो १.४५ सारखा आकडा दाखवतं, म्हणून "कंपनीच एवढं देते, मग मी १.४० दिलं तर काय बिघडलं" असं पुष्कळांना वाटतं. ते १.४५ हलक्या कामात, एखाद-दुसऱ्या कोअरसाठी, क्षणभर आणि अगदी कमी करंटवर असतं. रेंडरमध्ये सहाही कोअर पूर्ण लोडवर आले की ऑटोही व्होल्टेज बरंच खाली आणतो. तुम्ही बांधून दिलेलं १.४० सहाही कोअरवर, पूर्ण करंटसकट, तासन् तास राहतं. व्होल्टेज, करंट आणि उष्णता तिन्ही एकत्र आले की चिपमधले सूक्ष्म धातूचे मार्ग हळूहळू झिजतात. गेल्या वर्षी ४.२ ला १.२७५ पुरत होतं, यंदा १.३२५ मागतोय, असं झालं तर ही झीज असू शकते, आणि ती परत भरून येत नाही. ३६०० वर सर्व कोअरच्या लोडमध्ये मी १.३० च्या वर जात नाही.

खालून वर या. क्लॉक ४.० आणि व्होल्टेज १.२० पासून सुरू करा. सिनेबेंच आर२३ ही प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकून स्कोअर देणारी चाचणी दहा मिनिटं चालवा. टिकला तर क्लॉक २५ ते ५० मेगाहर्ट्झने वाढवा, पडला तर व्होल्टेज ०.०१२५ ने. एका वेळी एकच गोष्ट बदला. काठ सापडला की एक पायरी मागे या आणि ओसीसीटी ही लोडची चाचणी तासभर चालवून तापमान बघा. प्रत्येक चिप वेगळी असते. अकोल्याच्या मित्राचा आकडा तुमच्या बोर्डावर चालेल असं नाही.

बायोसमध्ये लिहिलेलं व्होल्टेज आणि प्रोसेसरला पोहोचणारं व्होल्टेज एक नसतं. मोटर सुरू झाली की घरातला बल्ब जसा मंद होतो, तसं लोड आलं की व्हीकोअरही खाली बसतं. १.३० लिहिलं तरी लोडवर १.२४ मिळू शकतं. म्हणून रायझनवर एचडब्ल्यूइन्फोमधला एसव्हीआय२ टीएफएन नावाचा आकडा पाहा, तो बोर्डाच्या साध्या व्हीकोअरच्या आकड्यापेक्षा भरवशाचा असतो. पडझड फार असेल तर ती भरून काढणारी लोड लाइन कॅलिब्रेशन ही सेटिंग मधल्या पायरीवर ठेवा. इथे खरा सापळा आहे: असूसच्या बोर्डावर आकडा जितका मोठा तितकं हे कॅलिब्रेशन जोरदार, तर एमएसआयवर मोड १ आणि ॲसरॉकवर लेव्हल १ सगळ्यात जोरदार. एका बोर्डाचा व्हिडिओ पाहून दुसऱ्या बोर्डावर तोच आकडा टाकला तर नेमकं उलटं होतं. सगळ्यात जोरदार पायरी कुठल्याच बोर्डावर नको. रेंडर संपून लोड एकदम उतरतो त्या क्षणी व्होल्टेज लिहिलेल्या आकड्याच्याही वर उसळतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरला दिसत नाही.

रॅमचं एक्सएमपी हेही ओव्हरक्लॉकच आहे, हे लोक विसरतात. डीडीआर४ चं मूळ व्होल्टेज १.२, एक्सएमपी लावलं की बहुधा १.३५. व्हीकोअर ठीक असूनही चुका येत असतील तर एक्सएमपी बंद करून पाहा आणि मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं) १.० ते १.१ मध्ये असू द्या. बोर्डाने ऑटोवर १.२ च्या जवळ नेलं असेल तर हाताने खाली आणा.

इंटेलवाल्यांसाठी थोडक्यात: नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड चिपसेटचा बोर्ड नसेल तर मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा गुणक) वाढवायचा पर्याय मिळणार नाही, शोधत बसू नका. तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरच्या श्रेणीतला डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर ओव्हरक्लॉकचा विचार सोडा आणि आधी बायोस अद्ययावत करा. त्या चिप जास्त व्होल्टेज मागून कायमच्या खराब होत होत्या, म्हणून इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ही मागणी १.५५ व्होल्टवर अडवणारा मायक्रोकोड (बायोसमधून प्रोसेसरला मिळणारी दुरुस्ती) दिला. एएमडीच्या एएम५ बोर्डांवरही २०२३ मध्ये काही चिप जळाल्यानंतर एसओसीवर १.३ ची मर्यादा आली. बायोस टाकताना मात्र लाईनवर विसंबू नका, चार्ज असलेल्या बॅटरीचा आधार घेऊनच टाका.

उन्हाळ्याचं वेगळं प्रोफाइल

३६०० रेंडरमध्ये ऑटोवरही ३.९ ते ४.० च्या आसपास चालतो. ४.२ वर बांधून मिळतात पाच-सहा टक्के, म्हणजे तासाभराच्या रेंडरमागे तीन-चार मिनिटं. एवढ्यासाठी मे महिन्यात अर्ध्यावर पडलेला रेंडर पहिल्यापासून लावणं मला पटत नाही. म्हणून मी बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह करून देतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ओव्हरक्लॉक. मार्चपासून क्लॉक ऑटोवर आणि व्होल्टेज ऑफसेट मोडमध्ये उणे ०.०५, म्हणजे ऑटोच्या आकड्यापेक्षा तेवढं कमी. बऱ्याच चिपना हे पचतं आणि तापमान चांगलं उतरतं. फार उणे करू नका. रायझनला व्होल्टेज कमी पडलं की पडद्यावर क्लॉक तोच दिसतो, काम मात्र हळू होतं. एचडब्ल्यूइन्फोमधला इफेक्टिव्ह क्लॉक आणि सिनेबेंचचा स्कोअर, दोन्ही आधीशी ताडून बघा. खोली फारच तापत असेल तर रायझन मास्टरमधला इको मोड लावा, ६५ वॅटची चिप ४५ वॅटच्या वर्गात जाते.

प्रोफाइल आपोआप पुसलं जात असेल, सकाळी पीसी सुरू करताना तारीख चुकीची दिसत असेल किंवा एफ१ दाबायला सांगत असेल, तर तो ओव्हरक्लॉकचा दोष नाही. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. आपल्याकडे रात्री मेन स्विच पाडायची सवय असते, लाईनही तासन् तास जाते. त्या काळात घड्याळ आणि बायोसची आठवण त्या सेलवरच चालते, त्यामुळे तो लवकर उतरतो. नवा सेल ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो, २.८ च्या खाली गेला की बदला. घड्याळवाल्याकडे मिळतो. बदलण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नवा बायोस टाकला तरी सेव्ह केलेली प्रोफाइल बहुधा जातात, तेव्हाही तेच फोटो कामी येतात.